दारातला रांजण

मंजुळाबाई कुणालाही आधी पाणी देतात आणि मग त्याची टिंगल करतात. हा क्रम उलटा झालेला मी कधी पाहिला नाही. मतं मागायला आलेला असो नाहीतर लेण्यांचा रस्ता चुकलेला असो, तांब्या आधी पुढं येतो. पाणी घशाखाली उतरलं की त्या विचारतात, "काय रं बाबा, घरी कुनी बसू देत नाय का, उन्हाचं हिंडायलास?"

मी रामप्रसाद. राहणार छावणी, धंदा ट्रॅव्हलर चालवण्याचा. स्टेशनवरून माणसं उचलायची, किल्ला दाखवायचा, लेणी दाखवायची आणि संध्याकाळी हॉटेलात परत सोडायची. इतकी वर्षं पर्यटक वाहून माझं एक मत झालं आहे. पर्यटक दोन तऱ्हेचे असतात. एक कचरा करतो. दुसरा कचरा करत नाही आणि ते जगाला सांगत सुटतो. पहिल्याचा मला राग येतो, दुसऱ्याचा कंटाळा. पण मंजुळाबाईंचं नुकसान केलं ते दुसऱ्यानं, म्हणून ही हकिगत लिहून ठेवतो आहे.

मंजुळाबाईंची वस्ती खडकमाळावर, शरणापूर फाट्यावरून आत. दहा-बारा घरं, सगळी मेंढरंवाल्यांची. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी दगा देऊन गेला, तेव्हा त्यांचे मालक मुंजाबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेले. मागं राहिल्या मंजुळाबाई, न चालवणाऱ्या दोन म्हाताऱ्या मेंढ्या आणि दारात लिंबाखाली गळ्यापर्यंत पुरलेला रांजण. ह्या रांजणाची त्यांच्यात एक रीत आहे. दारातल्या रांजणातलं पाणी घराचं नसतं, वाटेवरच्या माणसाचं असतं. घरासाठी आत वेगळी घागर. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांनी ही रीत पाडली, कारण अर्धं वर्ष तेही दुसऱ्याच्याच दारात पाणी मागत असतात. रांजण रिकामा ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी दारातल्या माणसाला हाकलून देणं.

टँकर यायचा तेव्हा यायचा. आला की वस्ती धावायची, ड्रम भरायचे, भांडणं व्हायची. मंजुळाबाई सगळ्यांशी भांडून आपलं पाणी आणायच्या आणि त्यातलं पहिलं पाणी त्या रांजणात ओतायच्या. मी म्हणायचो, "मावशी, येड्या आहात का तुम्ही?" त्या म्हणायच्या, "व्हय. तूच तर पितोस."

अशा वेळी आमच्या शहरात 'हळुवार पाऊल' नावाची कंपनी निघाली. ती काढली श्रेया नावाच्या मुलीनं. सिडकोतली पोरगी, पुण्याला शिकून आलेली, मनानं वाईट नाही, हे आधीच सांगतो. तिचं म्हणणं असं की पर्यटन जबाबदारीनं करावं. लेण्यांत गोंगाट करू नये, भिंतींना हात लावू नये, गावच्या माणसाच्या घरी जावं, त्याचं जगणं समजून घ्यावं. ह्यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. मीसुद्धा मान डोलावली आणि दर शनिवारचं भाडं कबूल केलं.

गाडी सुटली की श्रेया पुढं उभी राहून नियम सांगायची. "आपण आज बाटलीबंद पाणी विकत घेणार नाही. वस्तीवर गेल्यावर तिथलंच पाणी प्यायचं, रांजणातलं. ते आपल्या पोटाला चांगलं आणि पृथ्वीलाही." लोक टाळ्या वाजवायचे. मी आरशातून पाहायचो. पृथ्वीसाठी टाळ्या वाजवणारे हे लोक आदल्या दिवशी जालना रोडवरच्या हॉटेलच्या तलावात डुंबलेले असायचे, कारण त्यांना तिथं सोडलेलं मीच असायचो.

मग माळावर गाडी थांबायची. मंजुळाबाई तांब्या घेऊन उभ्याच. पाहुणे प्यायचे, डोळे मिटून प्यायचे. काय तो गारवा, काय ती मातीची चव! कुणी तोंडावर मारून घ्यायचा, कुणी पोराच्या पायावर ओतायचा. आणि निघताना प्रत्येक जण आपली स्टीलची बाटली काढून काठोकाठ भरून घ्यायचा, कारण रस्त्यात प्लॅस्टिक विकत घ्यायचं नव्हतं.

गाडी वळवताना मंजुळाबाई माझ्या खिडकीशी यायच्या. "रामप्रसाद, ह्यांच्या गावाला पानी नाय का रं? येवढ्या लांबून प्यायला येत्यात."

मी श्रेयाला सांगितलं, "मॅडम, दुष्काळ आहे. जाताना पाण्याचा जार टाकू गाडीत." ती म्हणाली, जार प्लॅस्टिकचा असतो. मी म्हटलं, मग पितळेची घागर टाकू. त्यावर ती म्हणाली, "पण मग तो अनुभव खरा राहणार नाही ना, काका." मी घागर मनातच ठेवली आणि गाडी सुरू केली.

पाहुण्यांचं जेवण आप्पासाहेबांच्या शेतावर असायचं. आप्पासाहेब म्हणजे माळाच्या खालच्या अंगाचे बागायतदार. शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेली, आलेल्या पैशात त्यांनी इकडं जमीन घेतली, विहीर पाडली आणि दारात बैलगाडी उभी केली. ती कुठंच जात नसे, फक्त फोटोत येत असे. पाहुण्यांना भाकरी वाढताना ते हात जोडून सांगायचे, "इहीर आटली हो. हात धुवायला जरा कमी घ्या." विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप होतं. पोरं पडू नयेत म्हणून, असं ते सांगायचे. पाहुण्यांना त्यांचा साधेपणा फार आवडायचा.

उन्हाळा तापला आणि मंजुळाबाईंची लेक ज्ञानेश्वरी बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात कुणाचं काही चालत नाही. पण तिच्या सासूचं, द्वारकाबाईंचं, चालवायचं मनात होतं. ज्ञानेश्वरीचा नवरा अंगद वाळूजला कारखान्यात शिफ्ट करतो, खोलीत नळ आहे आणि त्या नळाला मधूनमधून पाणीही येतं. द्वारकाबाईंनी वस्तीवर येऊन रांजणातलं पाणी प्यायलं आणि तिथंच बसून म्हणाल्या, "दुष्काळात कशाचं माहेर? बाळंतीन अन् लेकरू बिनआंघुळीचं ठिवता का?"

मंजुळाबाईंना ते झोंबलं. त्या म्हणाल्या, "सव्वा महिना लेक मपल्या दारात ऱ्हाईल. एक दिस तिची आंघूळ चुकली तर खुशाल घिऊन जा. म्या आडवी येनार नाय."

झालं, शब्द गेला. मुलगी झाली, नाकीडोळी चांगली, आवाज आजीचा. आणि मंजुळाबाईंच्या डोक्याला एकच घोर लागला, रोजचं आंघोळीचं पाणी. बाळंतिणीची आंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर घेणं नव्हे. तेल चोळायचं, चुलीवर कढत पाणी करायचं, कंबर शेकेपर्यंत ओतायचं. बाळाला पायांवर घेऊन वेगळं न्हाऊ घालायचं. मग शेगडी, मग धुरी. हे सगळं एका घागरीत बसत नाही.

आत जास्त पाणी ठेवायचं तर भांडं नाही, ड्रम मुंजाबा मेंढरांबरोबर घेऊन गेलेले. दारात ठेवायचं तर ते वाटेवरच्याचं आणि शनिवारी वाटेवरचे ट्रॅव्हलर भरून येणार. बाईंनी डोकं चालवलं. एक दिवस मला म्हणाल्या, "रामप्रसाद, तुह्या गाडीत लोक बाटल्या टाकून जात्यात ना? त्या मला आनून दे."

"कशाला?"

"ह्या शनिवारवाल्यांला बाटलीतलं पानी चालत नाय. हात सुदिक लावीत नाय. मंग मपलं पानी म्या बाटलीतच ठिवते!"

मी हसून हसून बेजार झालो. सोमवार ते शुक्रवार माझ्या गाडीत पहिल्या तऱ्हेचे पर्यटक असतात, त्यामुळं बाटल्यांना तोटा नव्हता. मी पोतं भरून नेल्या. मंजुळाबाईंनी त्या राखेनं घासल्या, टँकर आला की भरल्या आणि घरामागं सावलीला ओळीनं मांडून त्यांच्यावर गोणपाट टाकलं. दारातला रांजणही भरलेलाच. रीत मोडली नाही आणि लेकीची आंघोळही चुकली नाही. बाई इतक्या खुशीत होत्या की त्यांनी त्या आठवड्यात माझी टिंगल जवळजवळ केलीच नाही.

पण श्रेयाच्या डोक्यात नवीन काहीतरी आलं होतं. नुसतं पाहून काय उपयोग, वस्तीला काही परतही द्यायला हवं. म्हणून पुढच्या शनिवारी पाहुणे हातमोजे घालून आले. सोबत रोपं होती, चिमटे होते आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे सदरे होते. कार्यक्रम असा की आधी माळावर झाडं लावायची, मग प्लॅस्टिक वेचायचं.

नेमकं त्याच दिवशी माझ्या गाडीचं टायर बसलं. पाहुण्यांना उतरवून मी पंक्चर काढायला फाट्यावर गेलो. मंजुळाबाई सरपणाला गेलेल्या. घरात ज्ञानेश्वरी आणि बाळ. बाळंतीण परक्या माणसांसमोर बाहेर येत नाही, हे पाहुण्यांना श्रेयानं सांगितलं होतं आणि पाहुणे त्या चालीरीतीचा मान राखत अगदी हळू बोलत होते.

त्यांनी झाडं लावली. मग एकाला घरामागं गोणपाट दिसलं. त्यानं ते उचललं आणि त्याला जणू खजिनाच सापडला. केवढं प्लॅस्टिक! श्रेया माळाच्या टोकाला उरलेली रोपं लावून घेत होती, बाकीचे सगळे धावले. बाटल्या भरलेल्या, त्या चेपणार कशा? म्हणून एकेकीचं झाकण काढून ओतायला सुरुवात झाली.

ज्ञानेश्वरीनं आतून आवाज ओळखला. ती ओरडली, "अवो, आंघुळीचं पानी हाये ते! ओतू नका!"

बाहेरून पाहुण्यांतल्या, पुण्याच्या योगिनीताईंनी फार गोड आवाजात उत्तर दिलं, "काळजी नको ताई! वाया नाही घालवत, झाडांना घालतोय!"

मी परत आलो तेव्हा पाहुणे चेपलेल्या बाटल्यांच्या पोत्यांमागं ओळीनं उभे राहून फोटो काढत होते. मागं माळावर रोपांच्या बुडाशी ओल दिसत होती आणि एक म्हातारी मेंढी त्यातलं पहिलं रोप खात होती. मंजुळाबाई डोक्यावरचा भारा न उतरवता उभ्या होत्या. घरात लेक रडत होती, बाळही रडत होतं. मला वाटलं, आता ह्या बाई ह्या माणसांना चुलीतलं लाकूड घेऊन बदडणार. मी सांगतो, मी मध्ये पडलो नसतो.

त्यांनी भारा खाली टाकला. रांजणात डोकावल्या. पाहुण्यांनी आधीच बाटल्या भरून घेतल्या होत्या, तळाला गाळ राहिला होता. आत घागरीत जेमतेम पिण्यापुरतं. टँकरचा पत्ता नव्हता आणि आंघोळीची वेळ होत आली होती.

श्रेयाला तोवर सगळं समजलं होतं. तिचा चेहरा पार उतरला, ती माफी मागू लागली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माझ्या मनात आलं, निदान हे तरी स्थानिक आहे.

मंजुळाबाईंनी तिच्याकडं पाहिलंही नाही. त्या योगिनीताईंना म्हणाल्या, "ताई, कुठं उतरला तुमी?"

"जालना रोडला. हॉटेलात."

"तिथं पानी हाये?"

"आहे ना. चोवीस तास." आणि अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून बाई बोलून गेल्या, "या ना कधीतरी."

शहरात 'या ना कधीतरी' म्हटलं की कुणी येत नसतं. मंजुळाबाईंच्या माळावर मात्र बोलावलं की माणूस जातो. त्या घरात गेल्या. तेलाची वाटी, बाळाची दुपटी आणि रिकामी घागर घेतली, लेकीचं कान-डोकं बांधलं, बाळ पदराखाली घेतलं आणि गाडीत पहिल्या सीटवर येऊन बसल्या. "चल रं, रामप्रसाद. ताईंनी बलिवलंय."

योगिनीताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण वस्तीवर त्यांना पाणी मिळालं होतं, पाहुणचारावर त्या सकाळीच मोठं भाषण करून बसल्या होत्या. आता नाही कशा म्हणणार? मी गाडी अशी काढली की बास. आयुष्यात इतक्या आनंदानं मी गाडी चालवलेली नाही.

हॉटेलच्या दारातल्या माणसानं घागर पाहून हात आडवा धरला. मंजुळाबाई त्याला म्हणाल्या, "सर की बाजूला. पाव्हनी हाय म्या." मॅनेजर आला, योगिनीताईंनी पडेल आवाजात सांगितलं, की हो, माझ्या खोलीत आल्या आहेत. पुढचं मला ज्ञानेश्वरीनं नंतर सांगितलं. न्हाणीघरात भिंतीवर पाटी होती, पाणी जपून वापरा, पृथ्वी वाचवा. मंजुळाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी नळ सोडला, गरम पाणी धो धो आलं आणि त्या क्षणभर हात मागं घेऊन उभ्याच राहिल्या. मग तिथल्या शुभ्र फरशीवर बसून त्यांनी लेकीला तेल चोळलं, कंबर शेकली, नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. नात बोंबलत होती आणि आजी मोठ्यानं हसत होती. फरशी तेलकट झाली, पांढरे टॉवेल हळदीनं पिवळे झाले. दिवस चुकला नाही. शब्द राहिला.

निघताना घागर नळाला लावून भरून घेतली. दर्शनी दारातून घागर नेऊ नका, असं मॅनेजरनं हात जोडून विनवलं, म्हणून मी गाडी मागच्या फाटकाला आणली. तिथं एक टँकर हॉटेलच्या टाकीत पाणी सोडत होता. मंजुळाबाई उभ्या राहिल्या.

टँकरवर आप्पासाहेबांचं नाव होतं. ड्रायव्हर आमच्याच फाट्यावरचा, कडुबा. मंजुळाबाईंनी विचारलं, "कडुबा, कुठलं रं हे पानी?"

कडुबा भोळा माणूस. म्हणाला, "खडकमाळाचं, मावशी. आप्पासायबाच्या इहिरीचं. आटली कुठं? रोज दोन खेपा ह्याच हाटेलाला असत्यात."

मी आप्पासाहेबांना जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. योगिनीताई सोडायला आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. मंजुळाबाई मात्र पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडं पाहत राहिल्या. मग हसल्या. "म्हंजी म्या काय पाव्हनी नाय. मपल्याच पान्यानं न्हाऊ घातलं."

तेवढ्यात अंगद आला. ज्ञानेश्वरीनं त्याला फोन केला होता, काळजी करू नका, आंघोळ झाली, एवढंच सांगायला. तो शिफ्ट सुटल्यावर तसाच रिक्षा घेऊन आला होता. पोरगा चांगला. म्हणाला, "मामी, मी नेयाला नाय आलो. सोडायला आलो. आईला मी सांगतो, दिवस चुकला नाय म्हून."

मंजुळाबाईंनी नातीला उचललं, तिच्या टाळूचा वास घेतला आणि तिला अंगदच्या हातात दिलं.

"घिऊन जा."

"आई!" ज्ञानेश्वरी म्हणाली. "जिंकलीस ना तू?"

"जिंकले. पर उद्या काय करू? रोज पाव्हनी म्हून येऊ का हितं?" त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "माळाचं पानी सगळं हिकडंच याया लागलंय. मंग लेकरू तिकडं कशाला ठिवू? जा. जिथं पानी तिथं ऱ्हा."

रिक्षा वळेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग घागर मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि माळ येईपर्यंत खड्डा आला की घागरीच्या तोंडावर हात धरत राहिल्या. घरी पोचल्यावर त्या घागर घेऊन सरळ रांजणाकडं गेल्या. मी म्हटलं, "मावशी, आत ठेवा ना. आता तरी."

"आत कोन हाये?" त्या म्हणाल्या आणि घागर रांजणात ओतली.

श्रेयानं त्यानंतर कंपनी बंद केली नाही, पण नियम बदलला. आता प्रत्येक पाहुण्यानं येताना हॉटेलातून घागर भरून आणायची आणि रांजणात ओतायची. चांगला नियम आहे, माझाच होता. पाहुण्यांना तो फार आवडतो. डोक्यावर घागर घेऊन फोटो चांगले येतात. आप्पासाहेबांकडचं जेवण तिनं तोडलं. त्याचं आप्पासाहेबांना काही वाटलं नाही, टँकर चालूच आहे.

पण नियम बदलला तो पुढं. त्याच्या आधी एक शनिवार गेला, कारण त्याचं बुकिंग झालेलं होतं. त्या शनिवारी गाडीत मुंबईचे एक प्राध्यापक होते. लिंबाखाली बसून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "वा! ही चव शहरात नाही."

"ते हाटेलातलंच हाये," मंजुळाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. बाई विनोदी आहेत, असं श्रेयानं त्यांना आधीच सांगितलं होतं. ती स्वतः मात्र हसली नाही. प्राध्यापकांनी घरात डोकावून पाहिलं. आढ्याला बाळाची झोळी तशीच टांगलेली होती.

"घरी लहान बाळ आहे वाटतं?"

"व्हतं. पानी संपलं, लेक नात घिऊन वाळूजला गेली."

प्राध्यापकांनी गंभीरपणे मान हलवली. पाण्यासाठी होणारं स्थलांतर हा फार मोठा प्रश्न आहे, असं त्यांनी सोबतच्या लोकांना समजावून सांगितलं. मग रिकामा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "आजी, आणखी थोडं मिळेल का?"

मंजुळाबाईंनी भरून दिला.